आग्याचं मेण

एक भाग मेण, पाच-सहा भाग तिळाचं तेल. तेल मंद आचेवर तापवायचं, मेण त्यात सोडायचं, विरघळलं की भांडं खाली उतरवून गार होईस्तोवर घोटत राहायचं. वैद्य याला सिक्थ तैल म्हणतात. टाचांच्या भेगांसाठी करायचं असेल तर मेणाआधी गरम तेलात राळेची वस्त्रगाळ पूड विरघळवून घ्यायची. उन्हाळ्यात मलम पातळ पडतं, म्हणून मेण थोडं चढं; थंडीत थोडं उतरतं. झालं. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून नोकरी केलेल्या माणसाला यात अवघड काही वाटू नये, आणि मला वाटतही नव्हतं. अवघड निघालं ते पहिलंच माप. एक भाग मेण. ते कुणाचं, कुणी काढलं, कसं काढलं, आणि आपल्या टाचेसाठी ते काढावं का, हे मला सगळ्या नोकरीत कुणी विचारलं नाही. विचारलं शेजारच्या काकूंनी.

काकू जैन. माहेर जिंतूरचं, यजमानांचं येलदरी कॅम्पावर किराणा दुकान. पूर्णा नदीवरचं आमचं धरण 1968 साली पुरं झालं. त्यात 934 दशलक्ष घनमीटर पाणी मावतं, पायथ्याला वीजघर आहे. गाव आधीपासूनचं, पण कॅम्प धरणाचा. ते बांधायला आलेली माणसं, चालवायला आलेली माणसं, त्यांच्यामागून आलेले दुकानदार, मास्तर आणि आम्ही दवाखान्यातले. अशा वस्तीत कुणाच्या घरात कोणता देव आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्या ओळीत एका घरात पर्युषण, एका घरात बुद्धवंदना, आणि माझ्या गळ्यात तुळशीची माळ.

आता पायांविषयी. कापूस वेचणाऱ्या बाया, निंदायला वाकलेल्या बाया, जलाशयात गुडघाभर पाण्यात उभे राहणारे मासेमार. दिवाळी सरली की दवाखान्याच्या ओळीत पायांच्या तक्रारी सुरू व्हायच्या. तळपायाच्या कातडीत तेलग्रंथी नसतात, ही मूळची गोष्ट. टाचेची कातडी जाड, वर तेलाचा थर नाही, आतलं पाणी उडून जातं, कातडी ताठ होते आणि शरीराचं वजन पडलं की चिरते. मेण तिला बरं करत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण लोक मेणाच्या अंगी भलतेच गुण चिकटवतात. मेण तेलाला जागेवर धरून ठेवतं आणि दोघं मिळून पाणी उडू देत नाहीत. बरं व्हायचं काम कातडीचं, ते तीच करते.

दवाखान्यात आम्ही घोटायचो त्या मलमांत मधमाशीचं मेण नसायचंच. पिवळं सॉफ्ट पॅराफिन, म्हणजे ज्याला सगळे व्हॅसलीन म्हणतात ते. त्यात नायट्यासाठी सहा टक्के बेंझोइक आणि तीन टक्के सॅलिसिलिक ॲसिड घातलं की झालं व्हिटफिल्डचं मलम. खरजेला गंधक. गुळगुळीत फरशीवर पात्यानं पूड आणि बेस मळत बसायचं, कण बोटाला लागेनासा होईपर्यंत. पेशंट घरून डबी आणायचा: शेंदराची, पानाच्या चुन्याची, कुणी पॉन्ड्सची रिकामी बाटली. चुन्याची डबी आधी धुवून आण म्हणून परत पाठवावं लागे. पण आमच्या स्वतःच्या घरात मात्र आईची राळ-मेणाची डबी असायची, आणि तिचा वापर गल्लीभर होता.

त्या डबीसाठीच काकू आल्या. नेमगिरीला चातुर्मासासाठी एक मुनी महाराज होते. नेमगिरी म्हणजे जिंतूरजवळचं दिगंबर जैनांचं अतिशय क्षेत्र, टेकडीतल्या गुहांमध्ये मोठमोठ्या मूर्ती आहेत. काकू दर आठवड्याला जाऊन यायच्या.

"भाऊ, महाराजांच्या पायांना भेगा पडल्यात. रक्त दिसतं. बघवत नाही. तुमच्या आईच्या त्या मलमात काय काय पडतं?"

मी सांगितलं. मेण म्हणताच त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"मध चालत नाही आम्हाला. मग मेण कसं चालेल?"

मधाचं उत्तर जैन ग्रंथांनी पक्कं करून ठेवलं आहे. श्रावकाच्या, म्हणजे जैन गृहस्थाच्या, मूलगुणांत मद्य, मांस आणि मध यांचा त्याग येतो. अमृतचंद्राचार्यांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' ग्रंथात पळवाटही बंद केली: पोळ्यातून आपोआप गळून पडलेला मध घेतला तरी त्यात उपजलेल्या जीवांचा घात होतोच, म्हणून तोही नको. हेमचंद्राचार्य तर 'योगशास्त्रा'त आणखी पुढे गेले. औषध म्हणून घेतलेला मधही नरकाला नेतो, असं त्यांचं म्हणणं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा माझ्यातला कंपाउंडर जरा दुखावला. सगळ्या जगात औषधाला सूट असते. आजाऱ्याला उपास माफ, सोवळं माफ. इथं एक माणूस शांतपणे म्हणतो आहे की औषध हे कारण पुरेसं नाही.

पण मेण म्हणजे मध नव्हे, आणि ते पोटात जात नाही. कामकरी माशीच्या पोटाखाली ग्रंथींच्या चार जोड्या असतात, तिथून ते पातळ पापुद्र्यांसारखं स्रवतं. माशी ते पायांनी ओढते, चावून मऊ करते आणि त्याची षट्‌कोनी घरं बांधते. एक किलो मेण तयार व्हायला माश्यांना सहा ते आठ किलो मध खावा लागतो, असा मधमाशीपालकांचा हिशोब आहे. म्हणजे मध हा त्यांचा साठा, आणि मेण हे साठा खर्चून बांधलेलं घर. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तर जास्तच वाईट की. साठा नेला तर पुन्हा भरतील. घर नेलं तर?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी जुन्या ग्रंथांत शिरलो. भेगांना मेण लावणं किती जुनं आहे ते पाहून थक्क झालो. चरकाच्या कुष्ठचिकित्सेत विपादिकेवर, म्हणजे हातापायांच्या भेगांवर, एक पाठ आहे. जीवंती, मंजिष्ठा, दारुहळद, कंपिल्लक, मोरचूद घालून तूप-तेल सिद्ध करायचं आणि शेवटी राळ आणि मेण घालायचं. आईची डबी ती हीच, मधली झाडपाल्याची यादी तेवढी गळालेली. सुश्रुतानं पाददारीवर, म्हणजे पायांच्या भेगांवर, सांगितलेल्या लेपात मेण आणि राळेबरोबर वसा आणि मज्जाही आहे. म्हणजे प्राण्याची चरबी आणि हाडातला मगज. ते वाचल्यावर मेण फारच सौम्य वाटायला लागतं. जखमेच्या जात्यादि तेलातही मेण आहेच. तिकडे रोमन काळात गॅलेननं मेण आणि तेलाचं मलम केलं, ते अरबी हकिमांनी उचललं आणि युनानीत त्याला कैरूती म्हणतात. आमचा परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हकिमाची कैरूती आणि वैद्याचं सिक्थ तैल इथं एकाच बाजारात असणार, आणि दोन्हींत तेच आग्याचं मेण.

बुद्धवंदनेच्या घरातल्या मास्तरांनी मला विनयपिटकातली एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. पिलिंदवच्छ नावाच्या भिक्खूचे पाय फुटले होते. बुद्धांच्या कानावर गेलं, आणि त्यांनी पायांना लावायच्या लेपाची परवानगी दिली. एवढीच गोष्ट. जगातलं दुःख, त्याचं कारण, त्याचा निरोध सांगणारा माणूस मध्येच थांबून एका भिक्खूच्या टाचांसाठी नियम करतो. भिक्खूंना ठेवता येणाऱ्या पाच औषधांत त्यांनी तूप, लोणी, तेल, काकवी यांच्याबरोबर मधही ठेवला होता. म्हणजे एकाच गल्लीत मधाला एका घरात मुभा होती आणि दुसऱ्या घरात नरक. दोन्ही घरं अहिंसेचीच.

पाय म्हटलं की मला औंढ्याच्या विसोबा खेचरांची कथाही आठवते. औंढा नागनाथ इथून जवळ. नामदेव देवळात आले तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. पाय काढा म्हटल्यावर विसोबा म्हणाले, जिथं देव नाही तिथं उचलून ठेव. कीर्तनकार यातून सर्वव्यापी ईश्वर काढतात आणि तो निघतोच. मला मात्र दर वेळी वाटतं, त्या म्हाताऱ्याच्या टाचा कशा असतील. शेगावची पालखी औंढ्याहून परभणीकडे जाते तेव्हा मी तसल्या टाचा पाहिल्या आहेत. वारकरी त्या दाखवत नाहीत, लपवतही नाहीत. तुम्ही वाकलात तर पाय पुढे करतात, आणि मलम लावून झालं की तेच वाकून तुमच्या पायाला हात लावतात. आमच्या संप्रदायात पाय बरे करणं आणि पायां पडणं एका हालचालीत उरकतं, म्हणून आम्ही मलमात काय आहे असं विचारत नसू.

काकू विचारत होत्या, आणि त्यांची अडचण दुहेरी होती. दिगंबर मुनी अनवाणी चालतो. चालण्याचं दुःख सोसणं हा त्याच्या बावीस परीषहांतला, म्हणजे सोसायच्या कष्टांतला, एक: चर्या परीषह. रोग हाही परीषहच. म्हणजे टाचेची भेग ही महाराजांच्या दृष्टीनं सोसायची गोष्ट. पण साधूची सेवा, वैयावृत्त्य, हे जैन धर्मात अंतरंग तप मानलं आहे. म्हणजे तीच भेग काकूंच्या दृष्टीनं पुसायची गोष्ट. एकानं सोसायचं, दुसऱ्यानं सोसू द्यायचं नाही, आणि दोघांनी आपापला धर्म पाळायचा. याला विसंगती म्हणणारे भेटतील. मला ती योजना वाटते. स्वतःच्या पायाचे लाड होत नाहीत आणि दुसऱ्याचा पाय उघडा राहत नाही. फक्त सेवा करणाऱ्याच्या हातात काय आहे, हे त्यानं पाहायचं. काकू ते पाहत होत्या.

त्यांनी तोडगाही काढला. आग्या माश्या बारा महिने एका जागी नसतात. हंगाम संपला की सगळं मोहोळ उठून जातं आणि रिकामं पोळं मागं राहतं. आमच्या इथल्या पाण्याच्या टाकीच्या स्लॅबखाली असं एक पोळं उन्हाळ्यापासून लटकत होतं, पावसातून वाचलेलं. माशी नाही, मध नाही, पिल्लं नाहीत. टाकून दिलेल्या घराला कुणाची हरकत? काकूंच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. मी शिडी लावली, पोळं उतरवलं, आणि त्यांच्या अंगणात आम्ही चूल मांडली. माझी कंपाउंडरकी आणि त्यांचा धर्म, दोघांचं समाधान होणार होतं.

पोळं पाण्यात घालून उकळायचं, फडक्यातून गाळायचं, गार झालं की मेणाची चकती पाण्यावर तरंगते. पण पाण्यात घालण्याआधी काकूंनी पोळं मोडून उन्हात धरलं. आत रेशमासारखं जाळं पसरलेलं होतं, आणि जाळ्यात पांढुरक्या अळ्या.

"हे काय?"

मेणकिडे. मेणपतंगाची अळी. माश्या गेल्या की पोळ्यात ती येते आणि पोळं पोखरून खाते. जे घर आम्ही रिकामं समजत होतो त्यात भाडेकरू कधीचा आला होता. पाणी उकळायला लागलं होतं. काकूंनी चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं.

मग पुढची सगळी दुपार त्या पोळ्याचे तुकडे बघत बसल्या. जिथं जाळं आहे तो तुकडा एका बाजूला, जिथं नाही तो दुसऱ्या. जैन घरात पाणी गाळल्यावर गाळण्यातले जीव जिथून पाणी आणलं तिथं परत सोडायची रीत असते, तिला जिवाणी म्हणतात. काकूंनी पोळ्याची जिवाणी केली. अळ्यांचे तुकडे मी पुन्हा टाकीखालच्या कोनाड्यात नेऊन ठेवले. निम्म्याहून जास्त पोळं अळ्यांच्या वाट्याला गेलं. उरलेलं जुनं, काळं पडलेलं. तसल्या पोळ्यात पिल्लांचे कोष चिकटून असतात, मेण थोडं निघतं. आमच्या हाताला लिंबाएवढा गोळा लागला. तुकडा नीट पाहिला म्हणून त्यात एकही अंडं नव्हतं, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. काकूंनीही तसं विचारलं नाही.

त्या दुपारी मला जैनांच्या एका व्याख्येचा अर्थ लागला. 'तत्त्वार्थसूत्रा'त उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना जीव गेला एवढ्यावर भागवलेलं नाही. प्रमादानं, म्हणजे बेफिकिरीनं, जीव जाणं ही हिंसा. कुंदकुंदाचार्यांचंही तेच: जो जपून वागत नाही त्याला हिंसा लागते, समोरचा जीव मरो वा न मरो, आणि जपून वागणाऱ्याला केवळ घडलेल्या घातानं बंध होत नाही. गृहस्थासाठी जैन परंपरेनं हिंसेचे प्रकारही पाडले आहेत. ठरवून केलेली ती संकल्पी. स्वयंपाकपाण्यात घडणारी आरंभी, धंद्यात घडणारी उद्योगी, स्वतःला वाचवताना घडणारी विरोधी. पहिली गृहस्थानं पूर्ण सोडायची, बाकीच्या होता होईल तेवढ्या आवरायच्या. औषधं मापण्यात जन्म गेलेल्या मला ही वाटणी लगेच पटली. विषाचं शून्य माप औषधशास्त्रात कुठंच नसतं. किती, कशासाठी आणि कोणाच्या देखरेखीत, एवढंच असतं.

पटली, पण माझ्या वारकरी मनानं लगेच शंकाही काढली. मारणारा सावध होता की बेफिकीर, यानं माशीला काय फरक पडतो? ती मेलीच ना? सावधपणा ही माणसानं स्वतःच्या समाधानासाठी काढलेली सोय तर नाही?

याचं उत्तर ग्रंथात सापडलं नाही, मध काढणाऱ्याकडे सापडलं. आमच्याकडे अधूनमधून येणारा एक माणूस होता. त्यानं सांगितलेली जुनी पद्धत अशी: अमावास्येच्या आसपास अंधाऱ्या रात्री झाडावर चढायचं, पेटत्या पाल्याची मशाल पोळ्यावरून फिरवायची. ठिणग्या खाली पडतात, माश्या ठिणग्यांमागं जातात, पंख जळतात. मग पूर्ण पोळं कापायचं, मध, पिल्लं, सगळं. सकाळी झाडाखाली मेलेल्या माश्यांचा थर. दुसरी पद्धत दिवसाउजेडी करायची, नुसत्या धुरानं, अंगभर जाड पोशाख घालून. आग्याच्या पोळ्यात मध फांदीलगतच्या वरच्या जाड भागात असतो, पिल्लं खालच्या पडद्यात. मधाचा भाग तेवढा कापायचा, पडदा लटकत ठेवायचा. माश्या परत येऊन बसतात, मधाचं कोठार पुन्हा बांधतात, आणि त्याच हंगामात पुन्हा मध देतात. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसनं मध काढणाऱ्यांना हीच पद्धत शिकवली. पेटीतल्या सातेरी माश्यांचं तर त्याहून सोपं. चौकट यंत्रात फिरवून मध निघतो, पोळं शाबूत राहतं, आणि झाकणाचं पातळ मेण तेवढं सुरीनं काढलेलं हाती येतं. महाबळेश्वर भागात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे.

तर सावधपणानं माशीला फरक पडतो. तिला सावधपणा कळत नसेल, पण सकाळी झाडाखाली काय पडलं आहे त्यावरून तो मोजता येतो. उमास्वामींचा प्रमाद हा मनातला काही सूक्ष्म विकार आहे असं मी समजत होतो. तो झाडूनं गोळा करता येतो.

आता काकूंच्या मुलाचं म्हणणं. तो पुण्याहून आला होता, सगळं ऐकून म्हणाला, "आई, सरळ व्हॅसलीन लाव. माशी नाही, अळी नाही, कटकट नाही."

"ते कशातून येतं?" काकू.

मी म्हटलं, "जमिनीतल्या खनिज तेलातून. आणि ते तेल कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी गाडल्या गेलेल्या सूक्ष्म जीवांपासून झालं."

काकूंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे तेही जीवच!"

"हो, पण त्यांना मारायला आपण नव्हतो."

आम्ही तिघं हसलो, पण मुलाचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. उलट आजवरच्या चर्चेत सगळ्यात खडतर मुद्दा तोच होता. व्हॅसलीन 1870 च्या आसपास बाजारात आलं. चरकासमोर ते नव्हतं. भेगेवर थर धरायला त्याच्याकडे मेण, राळ, तूप, चरबी एवढंच होतं, आणि त्यातलं मेण निवडण्याचं त्याचं कारण खरं होतं: माणूस चालू शकत नाही. गरज ही मोठी सबब आहे, आणि वैद्यकानं ती नेहमी वापरली. पण साध्या भेगेला व्हॅसलीननं काम भागतं, हे मी अनुभवानं सांगतो. मग मेण घेताना गरजेची सबब माझ्याकडे उरत नाही. हेमचंद्रांनी औषधाची सूट नाकारली तेव्हा मला राग आला होता. निदान टाचेच्या बाबतीत त्यांचं म्हणणं आता मला खोडता येत नाही. जाळलेल्या पोळ्याचं मेण आज कुणी भेगेला लावत असेल, तर तो औषध घेत नाही, शुद्ध-नैसर्गिक म्हणवून घ्यायची हौस भागवतो.

जैन परंपरेला गरजेची ही सबब आधीपासूनच मान्य नव्हती, हे नंतर कळलं. नवव्या शतकात उग्रादित्याचार्य नावाचे जैन वैद्य होऊन गेले. त्यांनी 'कल्याणकारक' हा अख्खा वैद्यकग्रंथ मद्य, मांस, मध टाळून रचला, आणि औषधात मांस का नको याविषयी राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या सभेत मांडणी केली असं त्या ग्रंथाच्या शेवटी येतं. तो ग्रंथ 1940 साली सोलापुरातून छापून निघाला. मला त्यात धर्मवेडापेक्षा धंद्याची शिस्त दिसते. एखादं द्रव्य बाजूला काढलं की वैद्याला दुसरं शोधावं लागतं. निषेध नसता तर त्यानं शोधलंच नसतं. आमच्या औषधशास्त्रातही पुष्कळशी पर्यायी द्रव्यं कुणीतरी कुठंतरी नाही म्हटल्यामुळे आली आहेत.

याचा अर्थ मेण टाकून द्यावं असा मी काढत नाही. इथं माझं काकूंशी जुळत नाही, अजूनही. पेटी सांभाळणारा किंवा दिवसाउजेडी मध काढणारा माणूस माशी जगवून पोट भरतो. त्याचं मेण कुणी घेतलंच नाही तर तो उद्या मशालवाल्याच्या वाटेनं जाईल, नाहीतर शहराच्या. त्या मेणाला उद्योगी हिंसेच्या खान्यात टाकावं आणि घ्यावं, असं माझं मत. काकू म्हणतात, खाना कोणताही असो, आपण तो उघडायचाच कशाला.

महाराजांचं काय झालं? लिंबाएवढ्या मेणाचं मलम घोटून होईपर्यंत चातुर्मास संपला होता. महाराज विहार करून निघून गेले, त्याच पायांनी. काकूंनी डबी बरेच दिवस देवघराच्या बाहेर, खिडकीत ठेवली. स्वतःच्या टाचेला लावली नाही. त्यांच्याही टाचा फुटलेल्याच होत्या. शेवटी त्यांच्याकडे भांड्याला येणाऱ्या बाईला पाटावर बसवून, पाय कोमट पाण्यात भिजवून, त्यांनी स्वतःच्या हातानं ते मलम लावलं. ती बाई संकोचानं पाय मागे घेत होती आणि काकू तो पुढे ओढत होत्या. वैयावृत्त्य साधूचं करायचं असतं, याची मी त्यांना आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, "ग्लानाचंही करायचं असतं." ग्लान म्हणजे आजारी. ग्रंथाप्रमाणे तोही मुनीच असायला हवा, पण मी गप्प बसलो.

नेमगिरी ज्यांच्या नावानं आहे त्या नेमिनाथांची कथा जैन घरात लहान मुलालाही ठाऊक असते. लग्नाच्या वरातीत त्यांना कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकू आला. हे कशासाठी कोंडलेत, असं त्यांनी विचारलं. तुमच्याच लग्नाच्या जेवणासाठी, असं उत्तर आलं, आणि ते रथ फिरवून गिरनारला गेले. सगळ्यांना रथ फिरवता येत नाही. मलाही आला नसता. पण विचारायला काही लागत नाही.

हल्ली बचत गटांच्या प्रदर्शनात, जत्रेत, यात्रेत मधमाशीच्या मेणाचं मलम सुंदर डब्यांत मिळतं. घ्यायचं तर घ्या, पण विकणाऱ्याला आधी विचारा: पोळं रात्री काढलं की दिवसा, पूर्ण कापलं की मधाचा भाग तेवढा, माश्या त्या झाडावर परत बसल्या का. ज्यानं स्वतः काढलं असेल तो सांगेल, आनंदानं सांगेल. ज्याला सांगता येत नाही त्याची डबी खाली ठेवा आणि मेडिकलमधून साधं व्हॅसलीन आणा. रात्री पाय कोमट पाण्यात भिजवा, टिपून घ्या, व्हॅसलीन लावून सुती मोजे घाला. आणि घरात कुणाला साखरेचा आजार असेल तर त्याच्या टाचेच्या भेगेवर हे मलम की ते, ही चर्चा करत बसू नका. आधी डॉक्टरला पाय दाखवा.